ऑस्वल्डचा डोंगर

कार्मेल: ...आणि अर्ध्या वाटेवर बसून सगळे टोमॅटो चोळतात म्हणे.

सिल्वेस्टर: कशाला?

कार्मेल: पावाला. पाव कापायचा, त्याच्यावर पिकलेला टोमॅटो चोळायचा, वरनं तेल आणि मीठ. झालं जेवण. तिकडचे डोंगर चढणारे तेच बांधून नेतात.

सिल्वेस्टर: मिरच्या हलव. खालच्या तशाच दमट राहतील.

कार्मेल: हलवल्या. तू ऐकत नाहीस.

सिल्वेस्टर: ऐकतोय ना. टोमॅटो.

कार्मेल: कसला ऐकतोस. पाड्यातलं काळं कुत्रं पण दर रविवारी ऑस्वल्ड भावजींच्या ओटीवर येऊन बसतं. तू एकटा नाय. नाताळला परत आले ते, आता मे उजाडला. लोक मला विचारतात, सिल्वेस्टरला बरं नाय काय?

सिल्वेस्टर: सांग, बरं नाय.

कार्मेल: काय होतंय म्हणून सांगू?

सिल्वेस्टर: गिरणीत ओव्हरटाइम असतो म्हणून सांग.

कार्मेल: रविवारी? गिरणीची भिंत दिसते इथनं. मी सांगू का तुला काय होतंय? जळतोस तू.

सिल्वेस्टर: मी कशाला जळू? माझा चुलतभाऊ. माझ्या सायकलवर सायकल शिकला तो. पडला की मी उचलायचो.

कार्मेल: तेच तर. तू उचललेला माणूस बोटीत बसून बार्सेलोनाला गेला, देवाच्या मेळाव्यात व्हायोलिन वाजवून आला, वर सगळा उन्हाळा आपल्या चर्चच्या फादर रिबेसच्या गावी डोंगर चढला. आणि तू इथं चेनला तेल घालतोयस.

सिल्वेस्टर: स्पेनचे डोंगर काय सोन्याचे असतात?

कार्मेल: स्पेन नाय, कातालोनिया बोलायचं. फादर रागवायचे.

सिल्वेस्टर: फादर मला पण बोललेले. ह्याच ओटीवर. "सिल्वेस्टर, तुला एकदा आमच्या गावी नेणार. तुझ्यासारखा चढणारा इथं दुसरा नाय." तू चहा आणलेलास.

कार्मेल: आणलेला. माहीत हाय मला.

सिल्वेस्टर: मग मेळाव्याला वाजवणारा माणूस हवा झाला. ह्याला व्हायोलिन येतं. मला काय येतं? पायडल.

कार्मेल: त्यात भावजींचा काय दोष?

सिल्वेस्टर: काय नाय. दोष कुणाचाच नाय. मिरच्या हलव.

कार्मेल: आणि त्यांना फुकटात मिळालं असं पण नाय. पाय गेला बिचाऱ्याचा त्या डोंगरापायी. अजून ओढत चालतात. सायकलवर परत बसायचं नाव नाय काढत. पण तोंडावर कधी दुःख बघितलंस? सांगायला लागले की पोरं जेवायला उठत नायत.

सिल्वेस्टर: त्याला तोंड हाय.

कार्मेल: तुला पण हाय. तुम्ही दोघं दरवर्षी क्रुसाचा सण झाला की सायकली काढून जायचात, तो कुठला डोंगर?

सिल्वेस्टर: माहुली. आसनगावच्या वर.

कार्मेल: हां, माहुली. इतकी वर्षं गेलास. एका शब्दानं बोललास काय तिथं काय असतं? आलास की सायकल भिंतीला टेकवायची आणि मला पाय चेपायला सांगायचं. मला वाटायचं, दगड असतील, दुसरं काय असणार.

सिल्वेस्टर: दगडच हायत.

कार्मेल: मग भावजींच्या डोंगरावर बघ. पहाटे अंधार असताना सायकली काढायच्या. पायथ्याच्या गावात त्या ठेवायच्या आणि चालायला लागायचं. ऊन चढतं, घशाला कोरड पडते, पाणी कुठं नाय. मग एक कपार लागते. कपारीतनं पाणी नुसतं पाझरतं, हातात येत नाय. तर भावजींनी काय केलं, झाडाचं पान तोडून दगडात खोचलं. पानाच्या टोकावरनं थेंब थेंब पडायला लागलं. खाली तोंड धरून दोघं प्यायले, ते आणि फादरचा पुतण्या.

सिल्वेस्टर: पान कुणी खोचलं?

कार्मेल: भावजींनी. पुतण्या बघत राहिला म्हणे. आणि वर गेलं की सुळके. आभाळात गेलेले, तीन. एक नवरा, एक नवरी, आणि दोघांच्या मध्ये लग्न लावणारा पाद्री. नवरी रुसलेली, तिनं तोंड फिरवलंय. खालचे लोक सांगतात, पाद्री मंतर विसरला म्हणून लग्न लागलंच नाय, तिघं तशीच उभी राहिली. काय झालं? असा काय बघतोस?

सिल्वेस्टर: परत सांग.

कार्मेल: आता कसं बरं वाटलं ऐकायला.

सिल्वेस्टर: नवरी कुठल्या अंगाला हाय?

कार्मेल: मला काय माहीत. मी गेल्ये काय तिथं? पण सगळ्यात छान ते नाय. सगळ्यात छान ते परत येतानाचं. भर दुपारी, रस्त्यावर झाड नाय, आणि भावजींच्या सायकलचा मागचा टायर फाटला. ट्यूबच्या चिंध्या झाल्या. गाव लांब. दुसरा कोणी असता तर रडत बसला असता. भावजींनी बाजूच्या खळ्यातनं गव्हाचं काड उचललं, पिळून पिळून त्याचा दोर केला आणि टायरमध्ये ठासून भरला. आणि त्याच्यावर बसून घरी आले. पुतण्या बोलला म्हणे, असला डोक्याचा माणूस आमच्या मुलखात नाय.

सिल्वेस्टर: काड.

कार्मेल: हो. आपला पेंढा असतो तसं. मी तर बोलले विनिफ्रेडला, तू नशीबवान हायस गं. असा नवरा परदेशात पण अडून राहत नाय.

सिल्वेस्टर: असं बोललीस?

कार्मेल: बोलले. खोटं काय त्यात?

सिल्वेस्टर: शर्ट दे माझा.

कार्मेल: कुठं चाललास?

सिल्वेस्टर: ऑस्वल्डकडं.

कार्मेल: बघ. सांगितलं नव्हतं, एकदा ऐकलंस की राहवणार नाय? पण भांडू नको हं त्यांच्याशी. आज क्रुसाचा दिवस. संध्याकाळी क्रुसापुढं लादीन हाय, सगळा पाडा प्रार्थनेला जमणार. लादीन झाली की चणे वाटणार आणि भावजी सगळ्यांसमोर डोंगराचं सांगणार. तू पण ये आज. माझ्या बाजूला बस.

सिल्वेस्टर: येतो. आज येतोच.

(ऑस्वल्डचं घर चार घरं सोडून होतं, पण सिल्वेस्टर तलावाला वळसा घालून गेला. रागानं माणूस लांबचा रस्ता धरतो, म्हणजे बोलायचं ते जुळवता येतं. त्यानं बरंच जुळवलं. टेंभी नाक्यापर्यंत ते फार धारदार होतं. ओटीवर व्हायोलिनच्या तारा पिळत बसलेला ऑस्वल्ड दिसला, त्याचा आखडलेला पाय पुढे पसरलेला दिसला, आणि जुळवलेल्यातलं अर्धं तिथंच सांडलं. उरलेलं अर्धं पुरेसं होतं.)

ऑस्वल्ड: सिलू. ये ये, बस. वर्ष झालं तुझं पाऊल नाय ह्या ओटीवर. विनी नाय घरात, क्रुसाला फुलं बांधायला गेल्ये, नायतर सरबत...

सिल्वेस्टर: बरं झालं, नाय ते. नवरा-नवरीच्या मध्ये कोण उभा हाय रे?

ऑस्वल्ड: कुठल्या?

सिल्वेस्टर: तुझ्या. कातालोनियातल्या.

ऑस्वल्ड: भट. म्हणजे, पाद्री.

सिल्वेस्टर: भटच. पहिलं तोंडात आलं ते खरं. नवरा, नवरी आणि भट. आसनगावच्या स्टेशनातनं दिसतात.

ऑस्वल्ड: हळू बोल.

सिल्वेस्टर: पान कुणी खोचलं कपारीत?

ऑस्वल्ड: तू.

सिल्वेस्टर: पेंढा?

ऑस्वल्ड: तूच. माझ्या सायकलच्या टायरमध्ये. आणि मग मला तुझी दिलीस आणि पेंढ्याच्या सायकलवर तू बसलास, ठाण्यापर्यंत. बस ना सिलू. माझ्याच्यानं मान वर करून बोलवत नाय.

सिल्वेस्टर: माझी बायको दर रविवारी इथं येऊन बसते. घरी येऊन मला माझीच गोष्ट सांगते, तुझ्या नावानं. आणि मला बोलते, बघ, शीक जरा. ऑस्वल्ड, मी जळतो. खोटं नाय बोलत. तू बोटीत बसलास त्या दिवसापासून जळतोय. गिरणीत साच्यावर उभा असतो आणि डोळ्यांपुढं तू चढतोयस, फादरच्या मुलखात, जिथं मला नेणार होते. आणि आता कळतं की जळायला लाकूड पण माझंच होतं.

ऑस्वल्ड: झालं बोलून?

सिल्वेस्टर: नाय. तू तिथं केलंस काय सगळा उन्हाळा?

ऑस्वल्ड: खिडकी बघितली.

सिल्वेस्टर: नीट सांग.

ऑस्वल्ड: नीटच सांगतोय. मेळावा संपला, फादरनी मला त्यांच्या भावाच्या घरी नेलं. डोंगराच्या पायथ्याला गाव. दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्यांनी सायकल काढून दिली. काय सायकल होती सिलू, करवंदासारखी काळी, हलकी. ते पुढं, मी मागं. उतार लागला. आणि मी आपला निघालो डाव्या अंगानं.

सिल्वेस्टर: मग?

ऑस्वल्ड: तिकडं उजव्या अंगानं जातात. फादरनी बोटीत सांगितलेलं, पुतण्यांनी दारात सांगितलेलं. मी मुंडी हलवलेली. पण पायाला काय माहीत? पाय ठाण्याचे. वळणावर समोरनं गवताची गाडी आली, खेचर जोडलेली. गाडीवानाला वाटलं मी बाजूला होईन, मला वाटलं तो होईल. दोघं आपापल्या जागी बरोबर.

सिल्वेस्टर: आणि पाय.

ऑस्वल्ड: दोन ठिकाणी. पहिल्याच दिवशी, न्याहारीच्या आधी. डोंगराला मी हात पण नाय लावला. सगळा उन्हाळा खाटेवर. फादरची म्हातारी आई होती, तिची भाषा मला नाय, माझी तिला नाय. ती पावाला टोमॅटो चोळून द्यायची. ते तेवढं खरं हाय.

सिल्वेस्टर: आणि खिडकी.

ऑस्वल्ड: खिडकीत डोंगर. करवतीचे दात असतात तसा. संध्याकाळी गुलाबी व्हायचा. पुतणे रोज पहाटे दोर खांद्यावर टाकून जायचे, सायकलींच्या घंट्या वाजवत, आणि काळोख पडताना उन्हानं भाजून, गात यायचे. मला हात करायचे. सिलू, तू जळतोस म्हणून सांगतोस मला? मी त्या पोरांच्या बुटांवर जळायचो. बुटांना माती लागलेली असायची.

सिल्वेस्टर: मग हे सांगायचं होतं इथं.

ऑस्वल्ड: कुणाला? पाड्यानं माझ्यासाठी घरटी वर्गणी केली. विनीच्या आईनं कोंबड्या विकल्या. नाताळला बोटीतनं उतरलो तर सगळा पाडा इथं ओटीखाली, पोरं पुढं बसलेली, तोंडं उघडी. सांगा, सांगा. मी काय सांगू? गवताची गाडी? मी तोंड उघडलं आणि माहुली बाहेर आली. मी ठरवलं नव्हतं.

सिल्वेस्टर: पहिल्यांदा ठरवलं नसशील. मग दर रविवारी?

ऑस्वल्ड: मग लोक मागायला लागले.

सिल्वेस्टर: माझं मागायला लागले.

ऑस्वल्ड: हो, तुझं. आणि एक सांगू? खाटेवर पडून मी तेच करायचो. डोळे मिटायचे आणि कशेळीच्या पुलापासनं सुरुवात. भिवंडी, पडघा, वाशिंद. तू पुढं, तुझी ओली पाठ. त्या खिडकीतल्या डोंगरावर मी तुझ्याच मागनं चढायचो. दुसरा कुठला डोंगर मला माहीतच नव्हता.

सिल्वेस्टर: गोड बोलतोस तू.

ऑस्वल्ड: मग तू बोलायचं होतंस. इतकी वर्षं तुझ्याकडं एवढा मोठा डोंगर होता, आणि तू परत येऊन पाय चेपून घ्यायचास. कार्मेल वहिनीला पण नाय सांगितलंस कधी. डोंगर तुझा, तोंड माझं. काय करशील आता?

सिल्वेस्टर: संध्याकाळी लादीन झाली की उभा राहणार. सगळ्यांसमोर सांगणार.

ऑस्वल्ड: सांग.

सिल्वेस्टर: सांगेन.

ऑस्वल्ड: सांग की. मी अडवत नाय. फादर तिकडंच राहिले, आता यायचे नायत. खरं सांगणारा तू एकटाच. फक्त विनीच्या आईकडं बघू नको सांगताना. ती म्हातारी पहिल्या रांगेत असते. तिला कमी ऐकू येतं, म्हणून ती माझ्या ओठांकडं बघते.

सिल्वेस्टर: विनीला माहीत हाय?

ऑस्वल्ड: नाय. कुणालाच.

सिल्वेस्टर: किती पिळतोस व्हायोलिन. तार तुटेल.

ऑस्वल्ड: तुटू दे.

सिल्वेस्टर: नाय सांगत मी.

ऑस्वल्ड: काय?

सिल्वेस्टर: नाय सांगत बोललो ना. कुणालाच. क्रुसाच्या दिवशी शब्द देतोय, परत विचारू नको. पण आज पेंढ्याचं काढायचं नाय. बाकी काय सांगायचं ते सांग. सुळके सांग, कपार सांग. पेंढा मी माझ्या बायकोला सांगणार. माझ्या तोंडानं.

ऑस्वल्ड: पण तिनं तर ऐकलंय.

सिल्वेस्टर: तुझ्याकडनं ऐकलंय.

ऑस्वल्ड: बरं. नाय काढत.

*

कार्मेल: आज भावजींनी पेंढ्याचं सांगितलंच नाय. पोरं किती ओरडली. तू ऐकत होतास ना? कसं वाटलं?

सिल्वेस्टर: चांगलं सांगतो.

कार्मेल: हे घे, चणे. पदरात बांधून आणलेत तुझ्यासाठी, तू मध्येच उठलास.

सिल्वेस्टर: बस इथं ओटीवर. तुला माहुलीचं सांगतो.

कार्मेल: आता? आज सूर्य कुठं उगवला?

सिल्वेस्टर: बस तर. एका वर्षी आम्ही गेलेलो. मी आणि ऑस्वल्ड. उतरून परत निघालो. भर दुपार. डांबर पाघळलेलं. आणि टायर फाटला. ट्यूब गेली, पार गेली. ठिगळ लावायला पण जागा नाय. बाजूला एक झोपडी. पेंढा रचलेला. मी पेंढा मागितला. म्हातारी होती, बोलली, बैल कुठाय तुझा? मी सायकल दाखवली. ती हसली. पेंढा पिळला, दोर केला. दोर असा वळायचा की आत सरकला नाय पाहिजे, नायतर एका अंगाला ढीग होतो. दोन तास गेले. ऑस्वल्ड झाडाखाली झोपलेला.

कार्मेल: मग?

सिल्वेस्टर: मग टायर चढवला. म्हातारी तिथंच बसून बघत होती. आधी बोलत नव्हती. मग बोलली, मना जरा बसव. मी बोललो, आजी, उड्या मारेल ही. ती बोलली, मारू दे, मी कवा चाकावर बसलीच नाय. बैलगाडीत पण नाय, आम्ही गाडीमागनं चालतो. मग मी तिला मागं बसवली. अंगणात फेरा मारला. सायकल अशी खडखड उडायला लागली. तिनं माझा शर्ट गच्च धरलेला. मला वाटलं रडते. तर हसत होती, तोंडात पदर घालून. मी आणखी फेरे मारले. ती उतरली आणि आत जाऊन ताक घेऊन आली. लोटाभर. पेंढ्याचं काय घेशील विचारलं तर बोलली, झालं की.

कार्मेल: हे माहुलीला झालं?

सिल्वेस्टर: हो. आसनगावला, खाली.

कार्मेल: टायर तुझा फाटला.

सिल्वेस्टर: ऑस्वल्डचा. पण भरला मी.

कार्मेल: आणि पेंढ्यावर बसून तू घरी आलास.

सिल्वेस्टर: आलो.

कार्मेल: अरे.

सिल्वेस्टर: काय?

कार्मेल: निदान दुसरं काहीतरी घ्यायचंस. चेन तुटली, ब्रेक गेला. सगळा पाडा तोंडपाठ म्हणतो ती गोष्ट, आणि तू मलाच सांगतोस?

सिल्वेस्टर: कार्मेल...

कार्मेल: जळतोस ते कळतं मला. सकाळी मी जास्तच बोलले, ते पण कळतं. पण म्हणून भावजींची गोष्ट उचलून आपली म्हणायची? मी कुणाला सांगणार नाय, घाबरू नको. पण मला एक सांग. खोटं हाय ना हे?

सिल्वेस्टर: मिरच्या आत घेतल्यास?

कार्मेल: मी विचारते तुला.

सिल्वेस्टर: त्याचीच गोष्ट हाय.

कार्मेल: बघ. बोलून टाकलंस की हलकं वाटतं. चणे खा.

सिल्वेस्टर: नको मला.

कार्मेल: राग नको धरू. खा. पण ती म्हातारी रे? सायकलवर बसवलीस ती. ती भावजींनी कधी नाय सांगितली.

सिल्वेस्टर: नाय. ती त्याच्या गोष्टीत नाय.

कार्मेल: मग कुठनं आली?

सिल्वेस्टर: ती मी माझ्या पदरची घातली.

कार्मेल: वाटलंच मला. पण खरं सांगू? सगळ्यात तेवढंच मनाला लागलं. शर्ट धरला ते. तेवढं भावजींना जाऊन सांग उद्या. त्यांच्या डोंगरात शोभेल.